न्यूझीलंडचा करार आणि तालुक्यातला गठ्ठा

प्रश्न असा आला आहे: न्यूझीलंड, जॉर्जिया अशा देशांनी थोड्या वर्षांत सरकारी कारभार पार बदलून टाकला, मग विकसनशील देशांत त्याच सुधारणा का रुजत नाहीत, आणि त्यांच्याकडून नेमके घ्यायचे तरी काय? विचारणारा तरुण लवकरच नायब तहसीलदार म्हणून रुजू होणार आहे. मी महसूल खात्यात एकतीस वर्षे काढली, कारकून म्हणून लागलो आणि उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर काही वर्षे नव्या अधिकाऱ्यांना शिकवले. तेव्हा उत्तर लांबेल, ते गोड मानून घ्या.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. न्यूझीलंडने १९८४ नंतर काय केले हे सगळे वाचतात. आपल्याला उपयोगाचे आहे ते १९८४ च्या आधी त्यांच्याकडे काय होते हे.

१९८४ साली तो देश परकीय चलनाच्या संकटात सापडला आणि निवडणुकीत डेव्हिड लाँगी यांचे लेबर सरकार आले. रॉजर डग्लस अर्थमंत्री झाले. पुढच्या पाच वर्षांत तीन मोठे कायदे झाले. १९८६ चा सरकारी उद्योगांचा, १९८८ चा सरकारी नोकरवर्गाचा आणि १९८९ चा सार्वजनिक वित्ताचा. खातेप्रमुखाला ठरावीक मुदतीच्या करारावर नेमायचे. माणसे किती घ्यायची, पगार काय द्यायचा, पैसा कोणत्या बाबीवर खर्च करायचा, हे त्याने ठरवायचे. मंत्र्याने फक्त आपल्याला काय काम करून हवे ते सांगायचे आणि वर्षाच्या शेवटी ते झाले की नाही ते विचारायचे. आपल्याकडे एक टेबल घ्यायचे तरी तीन ठिकाणी मंजुरी लागते, त्यामुळे हे वाचताना कोणाही अधिकाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते. माझ्याही सुटले होते.

पण हा करार चालतो कशावर? खातेप्रमुखाने दिलेला आकडा खरा असतो या विश्वासावर. अर्थसंकल्पात धरलेला पैसा वेळेवर हातात पडतो यावर. खात्यात माणूस कोणाच्या चिठ्ठीने आलेला नसतो यावर. यातली एकही गोष्ट १९८८ च्या कायद्याने आणली नव्हती. १९१२ साली तिथे सरकारी नोकरीचा कायदा झाला आणि नेमणुका मंत्र्यांच्या हातून काढून एका स्वतंत्र आयुक्ताकडे दिल्या गेल्या. त्यानंतर पाऊणशे वर्षे नियम पाळून, फायली नीट ठेवून, हिशेब जुळवून कंटाळलेली यंत्रणा होती ती. तिला म्हटले की आता नियम सैल करतो, आणि तिने ते पेलले.

तेही पूर्णपणे नाही. २८ एप्रिल १९९५ रोजी तिथल्या केव्ह क्रीक या दरीवर निसर्ग संवर्धन खात्याने बांधलेला निरीक्षणाचा मंच कोसळला आणि चौदा जण गेले. त्यात तेरा विद्यार्थी होते आणि चौदावा खात्याचाच अधिकारी. मंचाचा आराखडा पात्र अभियंत्याने तपासलेला नव्हता, बांधकामाची परवानगी घेतलेली नव्हती, बोल्ट मारायचे तिथे खिळे मारले होते. चौकशी आयोगाने बोट ठेवले ते एका माणसावर नव्हे. अपुऱ्या पैशात आणि अपुऱ्या माणसांत सगळे भागवायला शिकलेल्या खात्याच्या एकूण पद्धतीवर ठेवले. कामाचा आकडा पुरा झाला होता, मंच उभा होता. तो कसा उभा राहिला हे पाहणारी कडी मधल्या मध्ये निसटली होती. जगातल्या सर्वांत नेटक्या यंत्रणेत हे झाले.

आता मंगोलिया पाहा. या विषयात मला सर्वांत जास्त शिकवले ते या देशाने. साम्यवादी राजवट जाऊन दहा-बारा वर्षे झाली होती, लोकसंख्या पंचवीस लाखांच्या घरात, आणि २००२ साली त्यांनी न्यूझीलंडच्या धर्तीवरचा कायदा जवळजवळ जसाच्या तसा केला. प्रत्येक कार्यालयाचा करार, प्रत्येक प्रमुखाचे उद्दिष्ट, प्रत्येक कामाची किंमत. ज्या कार्यालयांना आपला महिन्याचा खर्चच धड मांडता येत नव्हता, त्यांनी आपल्या कामाची किंमत काढायची होती. कागदांचे ढीग वाढले, करार सह्या करून कपाटात गेले, आणि पैसा आधी वाटला जायचा तसाच वाटला जात राहिला. २०११ साली त्यांनी अर्थसंकल्पाचा नवा कायदा करून जुना मोडीत काढला. दहा वर्षे गेली. गरीब देशाची दहा वर्षे म्हणजे शाळेत जाणारी एक पिढी.

अ‍ॅलन शिक नावाचे अमेरिकन अभ्यासक आहेत. न्यूझीलंडच्या सुधारणांचा अभ्यास त्यांनी तिथल्या सरकारसाठीच केला होता, त्यामुळे ते त्या पद्धतीचे शत्रू नव्हेत. मंगोलियाच्या चार वर्षे आधी, १९९८ मध्ये, त्यांनी स्पष्ट लिहिले की बहुतेक विकसनशील देशांनी हे करू नये. जिथे कागदावरचा नियम एक आणि व्यवहार दुसरा असतो, तिथे करारही कागदावरच राहतो. आधी पैसा, माणसे, हजेरी, खरेदी यांवर साधा ताबा आणा, निकालाचे करार नंतर, असा त्यांचा क्रम. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला माझे पहिले तहसील कार्यालय आठवले.

मी लागलो तेव्हा तिथल्या अभिलेख कक्षाचे दार पूर्ण उघडत नसे, कारण आतून गठ्ठे टेकलेले असत. टपाल आवक नोंदवहीत चढे, संकलनाकडे, म्हणजे त्या विषयाच्या टेबलाकडे, जाई आणि तिथून पुढे त्याचे काय झाले हे त्या कारकुनाच्या डोक्यात. तो रजेवर गेला की अर्जही रजेवर. नवीन साहेब आले, त्यांनी सगळ्यांना शनिवार-रविवार बोलावले आणि सहा गठ्ठे लावायला बसवले. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जी पद्धत बसवली, तिचाच हा भाग. तुमच्या प्रशिक्षणात लखिना पॅटर्न शिकवतीलच, पण तो एक परिच्छेद म्हणून शिकवतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

टेबलावरचा प्रत्येक कागद सहांपैकी एका ठिकाणी जातो. आपल्याला आता काम करायचे आहे तो प्रलंबित. दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहायची आहे तो प्रतीक्षाधीन. ठरलेल्या तारखेला पाठवायची विवरणपत्रे ती नियतकालिके. पुन्हापुन्हा लागणारे शासन निर्णय आणि परिपत्रके ती स्थायी आदेशांची संचिका. काम संपलेले, अभिलेख कक्षात पाठवायचे ते पाचव्यात. आणि वर्षभर ठेवून नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद सहाव्यात. बस, एवढेच. यात संगणक नाही, सल्लागार नाही, परदेश दौरा नाही.

आम्हाला तीन महिने लागले. त्या ढिगातून काय निघाले ते सांगतो. एकाच शेतकऱ्याचा एकाच वारस नोंदीसाठीचा अर्ज चार वेगवेगळ्या संचिकांत सापडला. तो चार वेळा येऊन गेला होता, प्रत्येक वेळी नवा अर्ज लिहून, प्रत्येक वेळी नव्या कारकुनासमोर, आणि प्रत्येक वेळी त्याला ‘चौकशी चालू आहे’ असे सांगितले होते. चौथ्या अर्जावर सही त्याच्या मुलाची होती. त्यातला एक अर्ज माझ्याच टेबलाचा होता, आणि ते मी आजवर विसरलेलो नाही.

आपले प्रलंबित काम किती आहे हेच त्या कार्यालयाला तोपर्यंत माहीत नव्हते. महिन्याच्या गोषवाऱ्यात आकडा जायचा, पण तो मागच्या महिन्याच्या आकड्यावरून काढलेला असायचा. अशा कार्यालयाशी कामगिरीचा करार करणे म्हणजे काय ते तुम्हीच पाहा. विकसनशील देशांतल्या सुधारणांचे मूळ दुखणे मला इथे दिसते. यंत्रणेला स्वतःविषयी खरी माहिती नसते, आणि सुधारणा मात्र ती आहे असे धरून आखलेल्या असतात.

पुढे ते साहेब बदलून गेले आणि दोन वर्षांत गठ्ठे पुन्हा एक झाले. दप्तर तपासणी जवळ आली की लावायचे, झाली की सोडायचे. २०१७ च्या सुमारास पुणे विभागात विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची, म्हणजे काहीच प्रलंबित न ठेवण्याची, मोहीम हाती घेतली. तिच्याही मुळाशी तेच कागदांचे वर्गीकरण होते. मोहीम चांगली होती, मी स्वतः तिचा फायदा पाहिला. पण पस्तीस वर्षांनी तीच सुधारणा नव्याने करावी लागते याचा अर्थ मधल्या काळात ती माणसावर उभी होती, पद्धतीत उतरली नव्हती.

म्हणून बदल्यांचा प्रश्न मी सुधारणेच्या अगदी मध्यभागी ठेवतो. पुस्तकांत तो कडेला असतो. महाराष्ट्राने २००५ साली यासाठी कायदा केला. साधारण तीन वर्षांचा कालावधी, आणि त्याच कायद्यात संचिका कोणाही कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये अशी तरतूद. बदली आणि विलंब एकाच कायद्यात घेणाऱ्यांना नाडी बरोबर सापडली होती. पण विशेष कारण लिहून मुदतीआधी बदली करता येते, आणि ‘विशेष कारण’ हा शब्द रबरासारखा आहे. मी एका तालुक्यात चार वर्षे होतो, त्या काळात माझ्यावरचे तीन अधिकारी बदलले. प्रत्येकाने नवी मोहीम काढली, आणि जुनी संपली असे मात्र कोणी कधी जाहीर केले नाही. कर्मचारी यातून एकच शिकतात, की थोडे दिवस मान खाली घालून बसायचे, हेही जाईल. बाहेरचे लोक याला आळस म्हणतात. माझ्या मते तो अनुभव आहे.

मग संगणक? तुमच्या वयाला हा प्रश्न पहिला सुचेल, आणि त्याचे उत्तर कर्नाटकच्या ‘भूमी’ प्रकल्पात आहे. २००० च्या आसपास त्यांनी सुमारे दोन कोटी जमीन नोंदी, ६७ लाख शेतकऱ्यांच्या, संगणकावर आणल्या आणि १७७ तालुक्यांत खिडक्या उघडल्या. पंधरा रुपयांत उतारा. याचे श्रेय संगणकाला दिले जाते. मला तीन वेगळ्या गोष्टी निर्णायक वाटतात. एक, हस्तलिखित उतारा अवैध ठरवला. त्यामुळे जुनी वाट बंद झाली आणि मागे फिरायला जागा उरली नाही. दोन, फेरफाराचे, म्हणजे जमिनीच्या नोंदीत बदल करण्याचे, अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, अधिकाऱ्याला हवा तो अर्ज आधी उचलता येणार नाही, अशी रचना केली. लाच बहुतेक वेळा ‘नाही’चे ‘हो’ करायला दिली जात नाही, ‘उद्या’चे ‘आज’ करायला दिली जाते. रांग मोडण्याची सोय काढून घेतली की त्या पैशाचे निम्मे कारण संपते. तीन, बोटाचा ठसा देऊनच कर्मचारी आत शिरे, म्हणजे कोणी काय बदलले याची नोंद राही.

आपल्याकडे सुमारे अडीच कोटी सातबारे. ते संगणकावर आले तेव्हा जुन्या चुकाही सोबत आल्या आणि टंकनाच्या नव्या चुकांची भर पडली. क्षेत्र जुळेना, आकारणी जुळेना, खातेदाराचे नाव सुटलेले. गावोगावी चावडी वाचन करून, लोकांना ऐकवून दुरुस्त्या कराव्या लागल्या. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनदोष दुरुस्त करण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे, तो या काळात भरपूर वापरला गेला आणि काही ठिकाणी लेखनदोषाच्या नावाखाली मालकीच बदलली गेली. मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, ही फार मोठी गोष्ट आहे, तिचे मोल ज्याने तलाठ्याच्या दारात खेटे घातले त्याला विचारा. पण तिच्यामागे गावागावात बसून चुका शोधणाऱ्या तलाठ्यांची आणि मंडळ अधिकाऱ्यांची काही वर्षांची मेहनत आहे, आणि ती कोणत्याही उद्घाटनाच्या फोटोत नाही. नोंद चुकीची असेल तर संगणक ती चूक फक्त वेगाने वाटतो.

युगांडाचे उदाहरण मी शिकवताना नेहमी घेत असे. १९९१ ते १९९५ या काळात सरकार प्राथमिक शाळांना विद्यार्थ्यामागे जे अनुदान पाठवत होते, त्यातले सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोहोचत होते. बाकीचे जिल्ह्याच्या पातळीवर मुरत होते. हे कळले ते शाळांत जाऊन त्यांच्या वह्या तपासल्यावर, वरचे हिशेब तर व्यवस्थित होते. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, आणि आलेली रक्कम शाळेच्या फलकावर लावायला सांगितली. २००१ पर्यंत पोहोचणारा हिस्सा ८० टक्क्यांच्या वर गेला. फक्त छापल्यामुळे हे झाले असे मात्र मी म्हणणार नाही, त्याच काळात अनुदान देण्याची पद्धत आणि शिक्षणाचे धोरणही बदलले होते. तरी मुख्याध्यापकाला ‘माझे किती होते’ हे कळणे हाच त्यातला कणा होता असे मला वाटते.

त्याच युगांडाने १९९१ मध्ये कर वसुलीसाठी स्वायत्त प्राधिकरण काढले. इतर खात्यांपेक्षा कितीतरी जास्त पगार, स्वतंत्र भरती. पहिली काही वर्षे वसुली झपाट्याने वाढली, मग थांबली, आणि २००२ साली भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी न्यायिक आयोग नेमावा लागला. पगार वाढवणे गरजेचे होतेच. पण वसुली दिसू लागली की वरून फोन येऊ लागतात, आणि फोन अडवणारी भिंत त्यांनी बांधली नव्हती.

जॉर्जियाचे नाव लोक घेतात ते एका गोष्टीसाठी. २००३ च्या सत्तांतरानंतर तिथे वाहतूक पोलिसांचे सुमारे सोळा हजारांचे दल बरखास्त करून नवी भरती केली. ‘सगळ्यांना घरी पाठवा’ ही आपल्याकडेही लाडकी मागणी आहे. तो देश चाळीस-पंचेचाळीस लाखांचा, क्रांतीच्या लाटेवरचा, आणि रस्त्यावर पोलीस नसला तरी काही दिवस चालून गेले. तालुक्यात तलाठी नसला तर चालत नाही. शिवाय २०१२ साली तिथल्या तुरुंगातल्या छळाच्या चित्रफिती बाहेर आल्या, तेव्हा नव्या यंत्रणेवरही बाहेरचा डोळा नव्हता हे साऱ्या देशाला दिसले. माणसे बदलली होती, पाहणारा कोणी बसवला नव्हता. नोकरकपातीबद्दल म्हणाल, तर १९८०-९० च्या दशकांत कर्ज देणाऱ्या संस्थांनी गरीब देशांवर ती लादली, हे माझ्या मते त्या काळातले सर्वांत महागडे पाऊल होते. पदे कमी झाली, कामे तेवढीच राहिली, आणि सर्वांत आधी गेले ते ज्यांना बाहेर नोकरी मिळत होती, म्हणजे सर्वांत कामाचे लोक.

आता तुमच्या हाती प्रत्यक्ष काय असेल त्याकडे येतो. महाराष्ट्रात २८ एप्रिल २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. मध्य प्रदेशाने २०१० साली पहिल्यांदा असा कायदा केला, नंतर अनेक राज्यांनी. सेवेला मुदत, ती देण्याची जबाबदारी असलेला पदनिर्देशित अधिकारी, दोन अपिले, वर आयोग, आणि कारण नसताना उशीर केला तर ५०० ते ५,००० रुपये दंड. मी या कायद्याच्या बाजूचा आहे. पण तो टेबलावर कसा वळवला जातो ते आत बसलेल्यालाच दिसते. मुदत अर्ज नोंदवल्यापासून मोजतात, म्हणून अर्ज नोंदवूनच घेत नाहीत. ‘एवढा दाखला जोडा, मग या, भाऊ.’ तो जोडला की दुसरा. पोच नाही, तारीख नाही, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो माणूस कार्यालयात आलेलाच नाही. दुसरी युक्ती अशी, की मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्रुटी काढून अर्ज परत करायचा. आकडेवारीत निपटारा शंभर टक्के दिसतो, आणि अर्ज करणारी बाई सलग तिसऱ्या महिन्यात एसटीने तालुक्याला येते.

यावर मी एक साधी गोष्ट करून पाहिली. दारातच एक वही ठेवली. आत येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव, काम आणि ‘कितव्यांदा आलात’ हा रकाना. वही कोतवालाकडे, कारण तो कोणत्याच संकलनाचा नव्हता. संध्याकाळी तिसऱ्यांदा किंवा त्याहून जास्त वेळा आलेल्यांची नावे मी वाचून दाखवायचो आणि संबंधित अव्वल कारकुनाला विचारायचो. पहिल्या आठवड्यात सगळे रागावले. एका अव्वल कारकुनाने मला एकट्याला गाठून सांगितले, ‘साहेब, माझ्याकडे दोन टेबले आहेत, एक पद तीन वर्षे रिकामे आहे, नावे वाचण्याआधी तेवढे बघा.’ त्याचे बरोबर होते. वहीने त्याची चूक दाखवली तशी माझीही दाखवली. ते पद भरून घ्यायला मला पाच महिने पत्रव्यवहार करावा लागला, आणि त्या पाच महिन्यांत त्याच्या टेबलाची नावे मी वाचली नाहीत.

तुम्ही रुजू झालात की पहिल्या महिन्यात नवे काही सुरू करू नका. आवक नोंदवहीतले सहा महिन्यांपूर्वीचे कोणतेही वीस क्रमांक निवडा आणि ते कागद आज कुठे आहेत ते स्वतः उठून शोधा, कोणाला आणायला सांगू नका. फेरफारांची यादी काढा आणि नोटिशीचे पंधरा दिवस उलटून गेलेल्या, हरकत नसलेल्या नोंदी किती पडून आहेत ते मंडळनिहाय पाहा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण त्याच्याकडे किती सजांचा, म्हणजे तलाठ्याच्या हद्दींचा, अतिरिक्त कार्यभार आहे हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर ओरडू नका. निवडणूक, पंचनामे, ई-पीक पाहणी, योजनांचे अर्ज, सगळे त्याच एका माणसावर येते, आणि प्रत्येक नवी सुधारणाही शेवटी त्याच्याच मोबाइलवर येऊन पडते. जे सापडेल ते तारखेसह लिहून काढा, आणि तो कागद तुमच्या बदलीनंतर येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी स्थायी आदेशांच्या संचिकेत वरच्या पानावर लावून ठेवा.